ब्लॅक अँड व्हाइट अ‍ॅबस्ट्रॅक्टमध्ये डेप्थ कशी आणायची

रंगच नाहीत तर डेप्थ, म्हणजे सपाट चित्रात खोलीचा भास, आणायची कशी, हे नव्याने डिझाइन शिकणारे मला कायम विचारतात, आणि बरेच जण सरळ ग्रेडियंट (हळूहळू बदलत जाणारी शेड) नाहीतर शॅडो टाकून मोकळे होतात. मी सांगते, सुरुवातीला ग्रेला हातच लावू नका. नुसतं काळं-पांढरं घेतलं की अंतर, जाडी आणि साइज यांवरच सगळं उभं करावं लागतं आणि नजर तिथेच तयार होते.

ब्रिटिश चित्रकार ब्रिजेट रायलीचं १९६१ सालचं 'मूव्हमेंट इन स्क्वेअर्स' सावकाश बघा. बुद्धिबळाच्या पटासारखे चौकोन, उंची सगळ्यांची सारखी, फक्त रुंदी एका जागेकडे जाताना कमी कमी होत जाते, तिथे नुसत्या बारीक उभ्या पट्ट्या उरतात आणि पुढे परत रुंदी वाढते, बस्स एवढंच, तरी सपाट चित्र आत दुमडल्यासारखं दिसतं!

आता हेच हाताने करा. काळी पट्टी ४० मिमी, शेजारची पांढरी ३०, मग साधारण २२, १७, १३, म्हणजे प्रत्येक वेळी आधीच्या पाऊण. दुसऱ्या कागदावर दर वेळी सारखेच ५ मिमी कमी करत जा आणि दोन्ही कागद शेजारी ठेवा. मला पहिल्यातला उतार जास्त खरा वाटतो, तुम्ही तुमच्या डोळ्यांनी ठरवा, पण करून बघाच.

अजून एक, काळ्यावरचा पांढरा गोल तेवढ्याच मापाच्या पांढऱ्यावरच्या काळ्या गोलापेक्षा मोठा दिसतो, त्यामुळे जोडी सारखी दिसायला हवी असेल तर पांढरा किंचित लहान ठेवावा लागतो. ग्रे वापरायला लागलात की पण हाच खेळ, एकच ग्रे काळ्यावर उजळ आणि पांढऱ्यावर गडद दिसतो, म्हणून शेड बाजूला एकटी बघून न ठरवता जागेवर ठेवूनच ठरवा.

आणि फुल कॉन्ट्रास्ट सगळीकडे नको ना! जे पुढे यायला हवं तिथे काळं-पांढरं अगदी भिडवा, मागच्या आकारांना ग्रे-ग्रेमध्ये राहू द्या, ते आपोआप लांब जातात. डोळे बारीक करून बघितलं की कुठे नजर अडते ते लगेच कळतं.

पोर्टफोलिओसाठी प्रिंट काढणार असाल तर आधी एक टेस्ट प्रिंट काढाच, शाई पसरते आणि काळ्यातल्या बारीक पांढऱ्या रेषा बुजतात, त्या फाइलमध्येच थोड्या जाड करून ठेवा.