भेट आलेली बेसबॉल कार्डांची पाकिटं फोडताना

अमेरिकेत मुलाच्या वाढदिवसाला, नाताळात किंवा शेजाऱ्यांकडून अचानक बेसबॉल कार्डांची, म्हणजे खेळाडूंचे फोटो छापलेल्या जमवायच्या कार्डांची, पाकिटं घरी येतात. क्रिकेटवर वाढलेल्या आईवडिलांना त्यात नेमकं काय बघायचं ते ठाऊक नसतं. मुलं दातांनी पाकीट फाडतात, कार्डं जमिनीवर पसरतात आणि जे कार्ड चांगलं निघालं असतं त्याचा कोपरा दुमडून बसतो. कार्डाची किंमत कोपऱ्यांत, कडांत आणि पृष्ठभागाच्या चकाकीत असते, आणि यातलं बहुतेक नुकसान पाकीट उघडल्यावर पहिल्या पाच-दहा मिनिटांत होतं.

सगळ्यात आधी पाकीट कोणत्या वर्षाचं आहे ते बघा. वेष्टनावर बहुधा वर्ष ठळक छापलेलं असतं. नसेल तर मागच्या बारीक अक्षरांतली कॉपीराइटची ओळ वाचा. चालू वर्षाचं किंवा गेल्या दोन-चार वर्षांतलं असेल तर बिनधास्त फोडा. मात्र एखाद्या आजोबांच्या माळ्यावरून निघालेलं मेणकागदाचं जुनं पाकीट भेट आलं असेल तर थांबा. १९८० च्या आधीचं न फोडलेलं पाकीट तसंच्या तसं मोलाचं असू शकतं. ते जाणकाराला दाखवल्याशिवाय उघडू नका, कारण मेणकागद गरम करून पाकीट पुन्हा चिकटवण्याचे उद्योगही चालतात. साधारण १९८६ ते १९९३ या काळातलं असेल तर उलट कथा. त्या वर्षांत टॉप्स, डॉनरस, फ्लीअर, स्कोअर, अपर डेक या सगळ्या कंपन्यांनी इतकी कार्डं छापली की अमेरिकेत त्या काळाला ‘जंक वॅक्स’ (कचऱ्याच्या मोलाची मेणकागदी पाकिटं) म्हणतात. १९८७ ची टॉप्सची लाकडी चौकटीची कार्डं आजही ढिगाने मिळतात. ती मजेसाठी फोडा. अपवाद मोजकेच: १९८९ च्या अपर डेकमधलं पहिल्या क्रमांकाचं केन ग्रिफी ज्युनियरचं कार्ड निघालं, तर ते लगेच बाजूला काढा.

जुन्या पाकिटात च्युइंगमची पट्टी असते. टॉप्सने ती १९९१ नंतर बंद केली. खाऊ नका, ती काचेसारखी तुटते आणि चव घेण्याजोगी राहिलेली नसते. गमला चिकटलेल्या एका टोकाच्या कार्डावर तपकिरी डाग पडलेला असतो, तो निघत नाही. मेणाचा डाग मात्र कार्डाच्या गुळगुळीत बाजूवर असेल तर नायलॉनच्या मोज्याने हलक्या हाताने घासून बराचसा जातो. खरखरीत पुठ्ठ्याच्या बाजूवर हा प्रयोग करू नका.

फोडण्याआधी

टेबल कोरडं आणि रिकामं हवं. चहाचा कप दुसऱ्या खोलीत. हात साबणाने धुऊन पूर्ण कोरडे करा, आणि क्रीम लावलं असेल तर पुन्हा धुवा, कारण क्रोम प्रकारच्या चकचकीत कार्डांवर तेलकट ठसा लगेच उमटतो. सुती हातमोजे घालायची गरज नाही; त्यांचे धागे कोपऱ्यांना अडकतात आणि पकड सुटते. जवळ पन्नासेक साध्या पारदर्शक स्लीव्ह (त्यांना तिकडे ‘पेनी स्लीव्ह’ म्हणतात), पाच-सहा टॉपलोडर (वरून कार्ड सरकवायची कडक प्लास्टिकची पाकिटं), रंगकाम करणारे वापरतात ती निळी टेप आणि एक कात्री ठेवा. एवढं सामान कार्डांच्या दुकानात काही डॉलरांत येतं.

दोन भावंडं असतील तर आधीच ठरवा: कोणतं पाकीट कुणाचं आणि भारी कार्ड निघालं तर ते कुणाकडे राहणार. नंतर ठरवायला गेलात तर रडारड ठरलेली. पुन्हा हे उगाच घाबरवणं नाही. २०२४ च्या नाताळात लॉस एंजेलिसमधल्या एका अकरा वर्षांच्या मुलाला पिट्सबर्ग पायरेट्स संघाच्या पॉल स्कीन्सचं, त्याच्या पदार्पणाच्या सामन्यातला जर्सीवरचा बिल्ला बसवलेलं एकमेव कार्ड मिळालं. पुढे लिलावात ते ११ लाख डॉलरांवर गेलं. असं तुमच्या घरी होणार नाही हे गृहीत धरूनच फोडा, पण वाटणी आधी करा.

पाकीट उघडणं

पाकिटाच्या मागच्या बाजूला मध्यभागी उभी शिवण असते आणि वर-खाली दातेरी दाबपट्टी. पाकीट उभं धरून टेबलावर हलकं आपटा, म्हणजे कार्डं खाली सरकतील. मग वरच्या दाबपट्टीच्या पुढच्या आणि मागच्या पन्नीला दोन्ही हातांच्या चिमटीत धरून सावकाश विरुद्ध दिशेला ओढा. नाहीच निघालं तर कात्रीने वरची पट्टी दोन-तीन मिलिमीटरच कापा. कार्डं खाली सरकलेली असल्याने पातं त्यांना लागत नाही. यानंतर बहुतेक जण कार्डं चिमटीने वर खेचतात, आणि तिथेच कोपरे मार खातात. पन्नी तोंडाशी घट्ट असते. कार्ड तिच्या कडेवर घासत बाहेर येतं. त्यापेक्षा मागची शिवण वरपासून खालपर्यंत उकलून पन्नी पूर्ण पसरवा आणि गठ्ठा उचला.

कार्डं पत्ते पिसल्यासारखी पिसू नका, पंख्यासारखी उघडूही नका. गठ्ठा तळहातावर ठेवून वरचं एकेक कार्ड कडांना धरून उचला आणि मऊ कापडावर सुलट ठेवा. एखादं कार्ड उलटं दिसलं किंवा नेहमीपेक्षा जाड वाटलं तर ते सही असलेलं किंवा जर्सीचा तुकडा बसवलेलं असण्याची शक्यता असते. जाड निघालं आणि वर काहीच छापलेलं नसेल तर निराश होऊ नका. दुकानात पाकीट चाचपून जाड कार्ड शोधणाऱ्यांना चकवायला कंपनी असे कोरे पुठ्ठे घालते. ते डब्यात दुभाजक म्हणून कामी येतात.

नव्वदच्या दशकातल्या चकचकीत कार्डांचा गठ्ठा कधीकधी विटेसारखा एकसंध होतो. ओलावा आणि वर्षानुवर्षांचा दाब यामुळे चकाकीचा थर पुढच्या कार्डाला चिकटतो. नख किंवा ब्लेड घालू नका. गठ्ठा दोन्ही लांब कडांना धरून अगदी थोडा वाकवा, मग उलट्या बाजूला. हलका कडकड आवाज येतो आणि कार्डं सुटू लागतात. मग वरचं कार्ड उचलण्याऐवजी आडवं सरकवा. रंग उचटताना दिसला की थांबा. उरलेली तशीच राहू द्या.

हाती काय लागलं

नव्या टॉप्स सिरीजमध्ये बहुसंख्य कार्डं साधी असतात, त्यांची किंमत काही सेंट. बघायचं ते एवढंच. नवख्या खेळाडूच्या कार्डावर ‘आरसी’ अक्षरांचं चिन्ह असतं. ते २००६ पासून छापलं जातं. बोमनच्या (हा टॉप्सचाच एक ब्रँड) पाकिटात मात्र ‘फर्स्ट बोमन’ हे चिन्ह शोधा. ते बहुधा अजून मोठ्या लीगमध्ये (मेजर लीग, म्हणजे सर्वोच्च पातळीवर) न पोहोचलेल्या पोरांचं पहिलं बोमन कार्ड असतं. पुढे किंवा मागे पन्नीच्या अक्षरांत १२/५० असं काही उमटवलेलं दिसलं, तर असं कार्ड फक्त ५० छापलं आहे आणि तुमचं त्यातलं बारावं. हा आकडा कार्डाच्या यादीतल्या क्रमांकापेक्षा वेगळा, गोंधळ करू नका. क्रोम कार्ड उजेडात तिरकं धरल्यावर इंद्रधनुष्यी झाक दिसली तर मागे, क्रमांकाच्या आसपास, ‘रिफ्रॅक्टर’ शब्द आहे का पाहा.

सगळ्यात जास्त सुटणारी गोष्ट म्हणजे फोटो बदललेली दुर्मीळ आवृत्ती. समोरून ती साध्या कार्डासारखीच वाटते. टॉप्स कार्डाच्या मागे अगदी तळाशी, कायदेशीर मजकुराच्या शेवटी एक सांकेतिक क्रमांक असतो. त्याच पाकिटातल्या दोन-तीन साध्या कार्डांचे शेवटचे आकडे वाचा. एखाद्याचे निराळे निघाले तर ते वेगळं ठेवा. डोळ्यांना त्रास होईल इतकी बारीक अक्षरं आहेत, मोबाइलचा कॅमेरा मोठा करून वाचा.

खरवडायचं कार्ड निघालं तर त्याच्या बदल्यात सहीचं कार्ड नंतर टपालाने येतं. मुदत मागे छापलेली असते. नखाने हळू खरवडून क्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावर लगेच नोंदवा. वेष्टनावर १:२४ असं लिहिलेलं असतं ते सरासरी प्रमाण. चोवीस पाकिटं घेतली म्हणजे एक मिळेलच असं नाही. हॉबी बॉक्सवर (कार्डांच्या दुकानात मिळणारा पाकिटांचा अख्खा डबा) मात्र सही किंवा जर्सीचं कार्ड नक्की असल्याचं छापलेलं असतं. ते निघालं नाही तर तक्रारीला वेष्टनं, डबा आणि बारकोड लागतात, म्हणून सगळं फोडून होईपर्यंत काही फेकू नका.

टेक्सास रेंजर्स संघाचा पिचर (चेंडू फेकणारा) कुमार रॉकर निघाला तर आपल्याकडच्या पोरांना मुद्दाम दाखवा. तो २०२४ मध्ये मोठ्या लीगमध्ये आला. त्याची आई भारतीय वंशाची.

जपणं

निवडक कार्डं आधी स्लीव्हमध्ये, मग टॉपलोडरमध्ये. उघडं कार्ड थेट टॉपलोडरमध्ये सरकवलं तर कडक प्लास्टिक पृष्ठभागावर ओरखडे काढतं. स्लीव्हच्या तोंडाचा एक कोपरा कात्रीने किंचित तिरका कापा, म्हणजे तोंड उघडं राहतं आणि कार्डाचा कोपरा कडेवर आपटत नाही. टॉपलोडरच्या तोंडावर निळी टेप लावा आणि तिचं एक टोक दुमडून ठेवा, काढायला सोपं जातं. साधी सेलोटेप चिकट मळ सोडते. साधं कार्ड ३५ पॉइंटच्या टॉपलोडरमध्ये बसतं. एक पॉइंट म्हणजे इंचाचा हजारावा भाग. जर्सीच्या तुकड्याच्या कार्डाला त्याच्या जाडीप्रमाणे ७५ ते १८० पॉइंटचा लागतो, आणि ते लहानात कोंबलं की कडा दबतात.

बाकीच्यांसाठी नऊ कप्प्यांची पीव्हीसी नसलेली पानं पुरेत. बाइंडर डी आकाराच्या कड्यांचा घ्या; गोल कड्यांवर पानं चढतात आणि आतली कार्डं दबतात. रबर बँड कधीच नाही. पीएसए किंवा एसजीसी या कंपन्यांकडे कार्ड दर्जा ठरवायला पाठवण्याचा मोह होतो, पण शुल्क कार्डाच्या किमतीहून जास्त असण्याचीच शक्यता अधिक. आधी ईबेवर प्रत्यक्ष विकल्या गेलेल्या व्यवहारांचे भाव बघा, विक्रेत्याने मागितलेले नाहीत.

चकचकीत कार्ड काही दिवसांत पापडासारखं वळलं तर ते खराब छापलंय असं नाही. पुढचा पन्नीचा थर ओलावा घेत नाही, मागचा कागद घेतो आणि सोडतो, म्हणून न्यूजर्सीच्या हिवाळ्यात हीटरच्या कोरड्या हवेत एका बाजूला वळतं आणि पावसाळ्यात मुंबईला चुलतभावाकडे पाठवलं की दुसऱ्या. स्लीव्ह-टॉपलोडरमध्ये सपाट ठेवलं की बहुधा सरळ होतं. इस्त्री किंवा पुस्तकांचा ढीग नको. कोकणात किंवा गोव्यात ठेवायची असतील तर झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या दोन पुड्या टाका आणि ओलसर झाल्या की बदला. कपाट बाहेरच्या भिंतीला टेकलेलं नसावं.