गृहकर्जाचा हप्ता थकण्याआधी : सोलापूरच्या सैनिक आणि माजी सैनिकांसाठी तयारीची यादी

फौजेतल्या माणसाचं गृहकर्ज अडतं ते बहुधा निवृत्तीनंतर. कर्ज मंजूर झालेलं असतं पूर्ण पगारावर आणि पेन्शन बसते शेवटच्या पगाराच्या निम्म्यावर. त्यातून कम्युटेशनचा भाग, म्हणजे पेन्शनपैकी जो हिस्सा आधीच एकरकमी घेतला तो, १५ वर्षं कापला जातो तो वेगळाच. म्हणून डिस्चार्जच्या सहा महिने आधी बँकेतून कर्जाचा उतारा काढा आणि शिल्लक मुद्दल, व्याजदर, उरलेले हप्ते या तीन गोष्टी वहीत लिहा.

मग आकडेमोड. मुद्दल २० लाख, व्याज ९ टक्के आणि १५ वर्षं उरली असतील, तर हप्ता साधारण २०,२८५ रुपये येतो. मुदत २० वर्षं करून घेतली तर तो १८ हजारांच्या आसपास उतरतो, पण एकूण व्याज साडेसहा लाखांहून जास्त वाढतं. त्याऐवजी कम्युटेशन किंवा ग्रॅच्युइटीतले ३ लाख मुद्दलात भरले, तर मुदत तीच राहून हप्ता सव्वासतरा हजारांवर येतो. आमचं मत स्पष्ट आहे : आधी मुद्दल फेडा, मुदतवाढ शेवटी मागा. बदलत्या व्याजदराच्या वैयक्तिक गृहकर्जावर मुदतपूर्व भरण्याचा दंड लागत नाही. मात्र पैसे भरताना ‘हप्ता कमी करा’ असं लेखी द्या, नाहीतर मुदत कमी होते आणि हप्ता होता तेवढाच राहतो. नोकरीत असाल तर एएफपीपी फंडातून (जवानांचा भविष्य निर्वाह निधी) घरासाठी रक्कम काढता येते का, हे युनिटच्या क्लार्ककडे विचारा. माजी सैनिकांना एका घराच्या घरपट्टीत माफी आहे. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचा दाखला घेऊन महापालिकेत किंवा ग्रामपंचायतीत अर्ज करा.

पैसे कमी पडणार हे दिसलं की हप्ता चुकण्याआधीच शाखेत जा. थकबाकी ९० दिवसांच्या पुढे गेली की खातं एनपीए (बुडीत वाटेवरचं) होतं, आणि मग एखादा हप्ता भरून भागत नाही, सगळी थकबाकी भरावी लागते. सोबत पेन्शनची पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश), सहा महिन्यांचं खाते उतारापत्रक आणि नव्या नोकरीचं नेमणूकपत्र न्या. अर्जात कारण, महिन्याला किती भरू शकता तो आकडा आणि किती महिन्यांची सवलत हवी ते लिहा. नुसतं ‘सहकार्य करावे’ असं लिहिलेला अर्ज फायलीत पडून राहतो. दुसऱ्या प्रतीवर पोच घ्याच.

सगळ्यात जास्त घोळ पत्त्याचा होतो. माणूस जम्मूला, कुटुंब युनिटच्या क्वार्टरमध्ये आणि जुळे सोलापूरच्या घराला कुलूप. सरफेसी कायद्याची (बँकेला कोर्टात न जाता तारण घर ताब्यात घेऊ देणारा कायदा) मागणी नोटीस त्या कुलूपबंद दारावर चिकटते आणि थकबाकी भरायचे ६० दिवस तसेच निघून जातात. बँकेत युनिटचा पत्ता आणि घरच्यांचा मोबाइल नंबर दोन्ही नोंदवा. पत्नीच्या नावे कुलमुखत्यारपत्र नोंदणीकृत करून ठेवा. त्यात कर्जाची पुनर्रचना, तडजोड आणि घरविक्री हे शब्द स्वतंत्र लिहून घ्या. ‘सर्व व्यवहार’ एवढ्यावर बँका अडवतात.

नोटीस आलीच तर ६० दिवसांच्या आत लेखी हरकत द्या. तिचं उत्तर १५ दिवसांत देणं बँकेवर बंधनकारक आहे. ताबा घेतला गेला तर डीआरटीत (कर्जवसुली न्यायाधिकरणात) ४५ दिवसांत अर्ज करता येतो आणि त्यासाठी सोलापूरकरांना पुण्याला जावं लागतं. आर्मी ॲक्टच्या कलम ३२ प्रमाणे सुट्टीवर आलेल्या जवानाचा खटला लवकर चालवण्यासाठी कमांडिंग ऑफिसरचं प्रमाणपत्र जोडता येतं, पण मागणी नोटीस हा खटला नव्हे, त्यामुळे त्या प्रमाणपत्राने नोटिशीचे दिवस थांबत नाहीत. या गैरसमजात घरं गेली आहेत.

कर्ज पतसंस्थेचं असेल तर रस्ता वेगळा. ती सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली वसुली दाखला घेते आणि तक्रार जिल्हा उपनिबंधकांकडे करायची. बँकेविरुद्धची तक्रार आधी बँकेतच लेखी द्या. ३० दिवसांत उत्तर आलं नाही, किंवा आलेलं पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. वसुलीवाल्यांनी सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करायचा नसतो. तसे फोन आले तर वेळ आणि नंबर लिहून ठेवा.

घर ठेवणं झेपतच नसेल, तर लिलावाची वाट न बघता स्वतः विका. लिलावात भाव पडतो. बँकेकडून शिल्लक रकमेचं पत्र घ्या आणि इसारपावतीत लिहा की खरेदीदार तेवढी रक्कम थेट कर्जखात्यात भरेल. कर्ज फिटल्यावर मूळ कागद ३० दिवसांत परत मिळायला हवेत. उशीर बँकेमुळे झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई मागता येते. कागद हातात आले की खरेदीखत आणि इंडेक्स टू (दस्त नोंदणीचा उतारा) पानं मोजून घ्या.