सुरमई मुशीची नातेवाईक की गाईची? (ट्री काढायला शिकताना खाल्लेली माती)

एमेस्सी झूलॉजीची पहिली व्हायवा, म्हणजे तोंडी परीक्षा. कागदावर ट्री (कोण कोणाचं किती जवळचं ते फाट्यांनी दाखवणारा वंशवृक्ष) काढून नेलेला, टोकांना ओळीने मुशी (शार्क), सुरमई, बेडूक, पाल, गाय. सरांनी विचारलं, सुरमई कोणाला जवळची, मुशीला की गाईला? मी ठोकून दिलं, मुशीला, दोन्ही मासेच ना सर, शेजारी पण आहेत. सर काही बोललेच नाहीत, पेन्सिल सुरमईवर ठेवली आणि रेघेवरून मागे मागे आले, गाय येऊन मिळते त्या फाट्यावर थांबले, मग मुशीचा फाटा दाखवला, तो त्याच्याही मागे. म्हणजे सुरमई गाईला जवळची, आपल्यालाही, आणि हे मीच काढलं होतं!

नवीन मुलं नव्वद टक्के इथेच आपटतात, टोकं वाचतात. टोकांच्या क्रमाला काही अर्थ नसतो, फाटे वाचायचे. मला हे डोक्यात बसलं ते मुंबई लोकलच्या सेंट्रल लाइनच्या नकाशामुळे. ठाण्याला वाशी-पनवेलचा फाटा फुटतो, पुढे कल्याणला कसारा आणि कर्जत वेगळे होतात. नकाशात कर्जत वर काढा नाहीतर खाली, फाटा कल्याणलाच राहतो, आणि कर्जत कसाऱ्यातून निघालं असं कोणी म्हणत नाही. तसंच माणूस चिंपांझीपासून झाला असं लिहू नका, दोघांचा पूर्वज एक, बस्स.

काढायला बसलात की आधी रेघा मारू नका, तक्ता करा. मी दादरच्या मासळी बाजारातून यादी उचलली होती. माकूल (स्क्विड) आउटग्रुप, म्हणजे तुलनेसाठी घेतलेला गटाबाहेरचा, कारण त्याला कणाच नाही. कणा बाकी सगळ्यांना, हाडांचा सांगाडा मुशी सोडून (तिचा कूर्चेचा), चार पाय बेडूक-पाल-गाय, गर्भाभोवती अ‍ॅम्निऑनची पिशवी फक्त पाल आणि गाय. आहे तिथे १, नाही तिथे ०. मग सगळ्यात जास्त जणांत असलेल्या लक्षणापासून एकेक फाटा पाडत जा, ट्री आपोआप उभा राहतो. फक्त लक्षण नवीन आलेलं आणि वाटून घेतलेलं हवं, जुनं, पूर्वजापासूनच चालत आलेलं, समान असून उपयोग नाही. 'कल्ले आहेत' म्हणून मुशी-सुरमई एकत्र टाकलेत तर माझ्यासारखी व्हायवा होईल. हा नियम पक्का बसवला जर्मन कीटकशास्त्रज्ञ विली हेनिग यांनी, त्यांचं जर्मन पुस्तक १९५० चं. आणि दिसण्यावर तर अजिबात जाऊ नका, पवई तलावातली मगर पालीपेक्षा कावळ्याला जवळची आहे.

हाताने पाच-सहा प्रजातींपर्यंतच ठीक. पाच प्रजातींचे रूट असलेले (सगळ्यांचा मूळ पूर्वज कुठे ते दाखवणारे) ट्री १०५ होतात, दहांचे ३,४४,५९,४२५, म्हणून पुढे सॉफ्टवेअर. मेगा (MEGA) नावाचं फुकट आहे, जुन्या लॅपटॉपवर पण चालतं. फाट्यांवर जे ९८, ४५ असे आकडे येतात ते बूटस्ट्रॅप, म्हणजे माहितीतून पुन्हा पुन्हा नमुने घेऊन ट्री काढला तर शंभरात किती वेळा तो फाटा आला, ४५ दिसला की त्या फाट्यावर जोरात काही बोलू नका. आणि फांदीच्या लांबीला प्रत्येक ट्रीमध्ये अर्थ असतोच असं नाही, खाली स्केलची रेघ आहे का बघा. क्लॅडोग्रॅममध्ये (फक्त फाट्यांचा क्रम दाखवणाऱ्या ट्रीमध्ये) लांबी नुसती जागा पुरावी म्हणून असते, मी एकदा पट्टीने मोजत बसले होते.

प्रॅक्टिससाठी एकच ट्री तीनदा काढा, दरवेळी एकेक फाटा उलटा फिरवून, आणि मग मैत्रिणीला विचारा तिन्ही सारखे आहेत का. माझी रूममेट कॉमर्सची, तिने पाच मिनिटांत बरोबर सांगितलं, डोंबिवलीची आहे ना.