गॅदरिंगच्या आधी: पन्नी फाटकाबाहेर ठेवायची तयारी

गॅदरिंगच्या पहिल्या बैठकीत सगळा वेळ डीजे, ड्रेस आणि पाहुणे यांतच जातो. प्लास्टिकचा, आमच्याकडच्या भाषेत पन्नीचा, विषय निघतो तो उठता उठता. मग ‘प्लास्टिकमुक्त परिसर’ असा एक फलक लावायचं ठरतं आणि तोही फ्लेक्सचाच येतो. ही यादी खेड्यातल्या, सहाशेएक मुलांच्या कॉलेजसाठी आहे. गॅदरिंगला महिना असतानाच (पळसाच्या पत्रावळी हव्या असतील तर दिवाळीनंतरच) ती हातात घ्या, कारण यातली निम्मी कामं आदल्या आठवड्यात होत नाहीत.

आधी मागच्या वर्षीची बिलं ऑफिसातून मागून घ्या आणि निवांत बसून वाचा. डिस्पोजल ग्लास, थर्माकोलच्या प्लेटा, चमचे, पाण्याच्या बाटल्यांची खोकी, टेबलावर अंथरायचा रोल. मुलं कचरा करतात अशी आपली तक्रार असते, पण कचऱ्याचा माल समितीच्या सहीनेच आलेला असतो. यातल्या बऱ्याच वस्तू मुळात बंदीतल्या आहेत. महाराष्ट्रात २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेने बंदी आली, पहिल्या गुन्ह्याला ५,००० रुपये दंड. १ जुलै २०२२ पासून प्लास्टिकचे कप, ग्लास, चमचे, स्ट्रॉ, थर्माकोलची सजावट, मिठाईच्या डब्यावरचं प्लास्टिकचं वेष्टन हे सगळं देशभर बंद झालं. प्राचार्यांच्या सहीचं पत्र काढताना या दोन तारखा त्यात टाका. ‘सहकार्य करावे’ एवढ्यावर कोणी सहकार्य करत नाही.

पण पत्र वाटायच्या आधी बदली वस्तू ठरलेली पाहिजे. नाहीतर चहाची वेळ झाली की एक पोरगा येऊन विचारणार, “मंग सर, चहा कायच्यात द्याचा?” आणि तुमच्याकडे उत्तर नसेल तर पाच मिनिटांत बाजारातून कागदी कप येणार. कागदी कपाला आतून प्लास्टिकचाच पातळ थर असतो, तो कुजत नाही. कॅन्टीनवाल्या भाऊंना काचेचे ग्लास काढायला सांगा. पूर्वी होते, कुठेतरी कपाटावर असतील. शंभर ग्लास आणि धुणारी एक मावशी असली की चहा निभतो. मावशींची जादा मजुरी मात्र बजेटमध्ये आधीच धरा. कप वाचवायचे आणि धुण्याचं काम फुकटात कोणाच्या तरी माथी मारायचं, याला तयारी म्हणत नाहीत.

जेवणाच्या ताटांसाठी बिछायत केंद्र, म्हणजे भांडी-मांडव भाड्याने देणारं दुकान, गाठा, तेही लवकर. जानेवारी-फेब्रुवारीत लग्नं सुरू असतात आणि नेमकी तुमच्या तारखेला तिथी निघते. सहाशे माणसांना सहाशे ताटं लागत नाहीत. दीडशेची पंगत बसवली तर सव्वादोनशे ताटं फिरवून पुरतात, अट एकच, मांडव टाकतानाच धुण्याची जागा ठरलेली हवी. तीन मोठी घमेली मांडा: पहिल्यात खरकटं झाडायचं, दुसऱ्यात निरम्याचं पाणी, तिसऱ्यात स्वच्छ पाणी. तिसरं पाणी दर पंगतीला बदलायचं. नळ लांब असेल तर ड्रम भरून ठेवा. सांडपाणी बोअरजवळ जाऊ देऊ नका, कडुनिंबाच्या रांगेकडे चारी काढून द्या. आणि इथे एक गोष्ट: समित्यांची यादी करताना मुलींची नावं आपोआप धुण्याकडे आणि मुलांची माइककडे जातात. राष्ट्रीय सेवा योजनेच्या (रासेयो) स्वयंसेवकांची पाळी चिठ्ठ्या टाकून लावा.

शक्य असेल तिथे मुलांना आपापलं ताट-ग्लास घरून आणायला सांगा. आमच्या अमरावतीच्या पाच जिल्ह्यांच्या विद्यापीठाला ज्यांचं नाव आहे ते गाडगेबाबा स्वतःचं भांडं सोबत घेऊनच फिरत, त्या गाडग्यावरूनच त्यांना नाव पडलं. त्यामुळे इथल्या मुलांना ही सूचना परकी वाटत नाही. पण सगळे आणतील हे गृहीत धरू नका. एसटीने किंवा सायकलने येणाऱ्या पोराच्या दप्तरात ताट मावत नाही आणि नवे कपडे घालून आलेली मुलगी उष्टं ताट पर्समध्ये कोंबणार नाही. निम्म्यांनी आणलं तरी धुणं निम्म्यावर येतं, एवढाच हिशोब धरा.

पत्रावळी घ्यायच्या तर डोळे उघडे ठेवून. पळस आपल्याकडे बांधाबांधावर आहे, तरी बाजारात मिळणाऱ्या यंत्रावरच्या पत्रावळीला खालून बरेचदा प्लास्टिकचा पापुद्रा चिकटवलेला असतो. नमुना उलटा करा, कडेला नखाने खरवडा. चकाकणारी साल सुटून आली तर परत द्या. काड्यांनी टाचलेली खरी पळसाची पत्रावळ हवी असेल तर ऐन वेळी मिळणार नाही. फेब्रुवारीत पळस फुलांवर येतो तेव्हा झाडावर पान उरत नाही, म्हणजे आधीच तोडून वाळवलेल्या पानांवर भिस्त. गावातल्या बचत गटाला दिवाळीनंतर लगेच सांगून ठेवा आणि थोडे पैसे आगाऊ द्या. वाळक्या पत्रावळी आदल्या संध्याकाळी पाणी शिंपडून एकावर एक रचा, वर पाट किंवा दगड ठेवा, म्हणजे वाढताना तडकत नाहीत. आणि मेनू पानाला बघून ठरवा. वांग्याची भाजी, रोडगे, झुणका, भात झकास बसतात. पातळ वरण वाढलंत की ते थेट सतरंजीवर. वरणाला स्टीलच्या वाट्या घ्या.

पाण्याचा हिशोब सोपा आहे. थंडीच्या दिवसांत माणशी दीड लिटर धरलं तर सहाशे जणांना ९०० लिटर, म्हणजे २० लिटरच्या ४५ कॅन. कॅन प्लास्टिकची असली तरी ती परत जाते आणि पुन्हा भरून येते, तिच्याशी आपलं भांडण नाही. कार्यक्रम मार्चात ढकलला गेला तर हा आकडा दुप्पट करा आणि जोडीला ओल्या फडक्याचे रांजण ठेवा. व्यासपीठावर तांब्या-भांडं. पाहुण्यांपुढे सीलबंद बाटली ठेवली नाही तर मान कमी होतो, असं संस्थेच्या मंडळींना वाटू शकतं. ते आधीच बोलून घ्या, व्यासपीठावर कुजबुज नको.

आनंद मेळाव्याचे स्टॉल म्हणजे सगळ्यात मोठं भगदाड. तर्री-पोहे, पाणीपुरी, आलुबोंडा, प्रत्येकाला प्लेट हवी आणि प्रत्येक स्टॉल आपापलं सामान आणतो. नोंदणीच्या फॉर्मवरच अट छापा आणि प्लेटा-चमचे समितीनेच एका टेबलावरून द्या. प्लेटमागे दहा रुपये अनामत, प्लेट परत आली की पैसे परत. तर्री सांडण्याच्या भीतीने वर्तमानपत्राचा कागद पुढे येईल, पण त्याची शाई पोटात जाते, तो नकोच.

फ्लेक्सचं थोडक्यात: १०० मायक्रॉनपेक्षा पातळ पीव्हीसी बॅनर बंदीत आहेत, म्हणून दुकानदार जाडाचा माल दाखवतो. जाड फ्लेक्सही कुजत नाही. मांजरपाटावर रंगवून घ्या आणि वर्ष लिहू नका, म्हणजे पुढच्या वर्षी चालेल. स्वागताला गुच्छाऐवजी रोप देणार असाल तर तेही काळ्या पन्नीतूनच येतं, याची गंमत वाटू द्या आणि पन्न्या नर्सरीला परत करा.

आता खर्रा. विदर्भातल्या कोणत्याही कॉलेजच्या भिंतीलगत चालत जा, बाटल्यांपेक्षा जास्त दिसतील त्या खर्र्याच्या पन्न्या. सुपारी, तंबाखू, चुना पन्नीत घालून घोटायचा आणि तोंडात टाकून पन्नी सोडून द्यायची. हाताच्या तळव्याएवढी, चुन्याने चिकट, वाऱ्यावर उडणारी. बाटली कबाडी विकत घेतो, ही पन्नी कोणी घेत नाही, झाडूलाही लागत नाही. शेवटी नालीत जाऊन बसते. याला डस्टबिन वाढवणं हा उपाय नव्हे. शिक्षणसंस्थेपासून १०० यार्डांच्या आत तंबाखू विकायला २००३ च्या कायद्याने मनाई आहे, तेव्हा फाटकासमोरच्या टपरीबद्दल ग्रामपंचायतीला पंधरा दिवस आधी पत्र द्या. टपरीवाला बहुधा कोणा विद्यार्थ्याचाच काका असतो, म्हणून पत्राआधी स्वतः जाऊन भेटा. पेन, वही, लिंबू सरबत विकायला आनंद मेळाव्यात जागा देऊ करा. फाटकावर मुलांसोबत एक प्राध्यापकही उभे करा आणि ते स्वतः खर्रा खाणारे नसतील एवढं बघा. आमच्याकडे खरी अडचण तीच असते.

आदल्या दिवशी शिपाईकाकांना बाजूला घेऊन सांगा की काहीही जाळायचं नाही. उघड्यावर कचरा जाळायला घनकचरा नियमांनी मनाई आहे, शिवाय पन्नीचा धूर वर्गात भरतो. काका इतकी वर्षं जाळत आले कारण दुसरी सोय कोणी केलीच नाही. म्हणून खड्डा आधी खणून द्या: पत्रावळी आणि उरलेलं अन्न त्यात, वर मातीचा थर. बाटल्या आणि पुठ्ठ्यासाठी कबाड्याला वेळ देऊन बोलावून ठेवा. चुकून आलेली पन्नी वेगळ्या पोत्यात, आणि पोतं ग्रामपंचायत कुठे पोचवते ते आजच विचारून घ्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी, हारतुरे सुकायच्या आत, बिछायतीची ताटं मोजून परत करा. काही ग्लास कमी भरतीलच, त्याचे पैसे अनामतीतून उरलेल्या रकमेत बसतात. कापडी फलक धुऊन, कडुनिंबाचा पाला घालून रासेयोच्या कपाटात ठेवा आणि किल्ली कोणाकडे आहे ते वहीत लिहा.