इलॅस्टिन वाढलं म्हणजे नेमकं काय वाढलं?

एम.एस्सी. आटोपून पीएचडीच्या उंबरठ्यावर उभी असलेली भंडारा-गोंदियाकडची पोरंपोरी हल्ली विचारतात, "ताई, पेशींना औषधासारखे लहान रेणू देऊन इलॅस्टिन वाढवायचं, हा विषय घेऊ का?" इलॅस्टिन म्हणजे धमन्या, फुप्फुसं, कातडी ताणून परत जागेवर आणणारं प्रथिन. घ्या. विषय दमदार आहे. फक्त एक गोष्ट आधी पक्की करा. आपलं शरीर इलॅस्टिन बनवतं ते मुख्यतः जन्माच्या आगेमागे आणि लहानपणी. पुढे हे काम जवळजवळ बंदच होतं, आणि तेव्हाचेच तंतू महाधमनीत, फुप्फुसात, कातडीत जन्मभर ताणले जातात. मोठ्या माणसाच्या पेशीला 'पुन्हा बनव' म्हणणं म्हणजे कैक वर्षं बंद असलेली राईस मिल चालू करणं. मोटर फिरली म्हणजे तांदूळ पडला असं होत नाही.

माझे बरेच महिने नेमके इथेच गेले. त्वचेचे फायब्रोब्लास्ट, म्हणजे तंतू बनवणाऱ्या पेशी, प्लेटमध्ये वाढवले, रेणू दिला, एमआरएनए मोजणारं क्यूपीसीआर केलं, इलॅस्टिनच्या एमआरएनएचा आलेख चढलेला. प्रयोगशाळेत पेढे वाटायचेच बाकी होते. प्रगती अहवालाच्या बैठकीत बाहेरून आलेल्या एका बाईंनी एवढंच म्हटलं, "तंतू दाखव." दाखवायला काहीच नव्हतं.

म्हणून हा भाग सावकाश वाचा, कंटाळा आला तरी वाचा. एमआरएनए वाढला म्हणजे फक्त निरोप वाढला. त्या निरोपावरून ट्रोपोइलॅस्टिन, म्हणजे इलॅस्टिनचा सुटा कच्चा तुकडा, बनायला हवं. ते पेशीबाहेर पडायला हवं. बाहेर शरीराच्या तापमानाला त्याचे बारीक थेंब जमतात, ते फिब्रिलिन या प्रथिनाच्या सूक्ष्मतंतूंवर बसायला हवेत, आणि त्यासाठी फिब्युलिन-४ आणि फिब्युलिन-५ ही आणखी दोन प्रथिनं लागतात. शेवटी लायसिल ऑक्सिडेज हे विकर येतं, ज्याला तांबं लागतं. ते लायसिनची टोकं बदलतं आणि चार लायसिन मिळून डेस्मोसिनची गाठ बसते. ही गाठ बसेपर्यंत तुमचं सगळं प्रथिन विरघळणारं आहे. तुम्ही माध्यम, म्हणजे पेशी ज्यात वाढतात तो द्रव, बदलता तेव्हा ते सरळ सिंकमध्ये जातं. वर आलेख चढलेला आणि खाली प्लेट कोरडी, असं अगदी होऊ शकतं. विकायला ठेवलेली रंगाची किटंही इथे सांभाळून वापरा. काही रंग विरघळणाऱ्या इलॅस्टिनलाही धरतात, मग आकडा मोठा दिसतो आणि तंतू एकही नसतो.

आपल्याकडच्या पोरांना हे लाखोळी या कडधान्यावरून पटकन समजतं. धानाच्या बांधीत उतेऱ्याला टाकलेली लाखोळी कोणी पाहिली नाही? ती फार खाल्ली की पाय लुळे पडतात हे घरची म्हातारी माणसं सांगतात. तो दोष मज्जातंतूंवरचा, ओडॅप नावाच्या द्रव्याचा. पण त्याच कुळातल्या स्वीट पी या शोभेच्या वेलीच्या बियांमुळे वेगळाच रोग होतो. त्यातलं बीएपीएन हे द्रव्य लायसिल ऑक्सिडेजच बंद पाडतं. त्या बिया खाऊ घातलेल्या उंदरांची हाडं वाकतात, महाधमनी फुगून फाटते. प्रथिन बनत असतं, गाठी बसत नाहीत. हे दोन रोग तोंडी परीक्षेत एकत्र करू नका. परीक्षक विदर्भातले असतील तर लाखोळीवर नक्की येतात.

याच बीएपीएनचा प्रयोगात उपयोग करा. एक प्लेट रेणूची, एक फक्त डीएमएसओची (रेणू ज्यात विरघळवता तो द्रव), एक रेणू अधिक बीएपीएनची. दोन-तीन आठवडे पेशी दाट होऊ द्या. मग थर खरवडून दशांश नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये ९८ अंशांना सुमारे ४५ मिनिटं ठेवा. कोलॅजन आणि बाकीची प्रथिनं विरघळतात, तळाशी उरतं ते गाठी बसलेलं इलॅस्टिन. बीएपीएनच्या प्लेटमध्ये ते जवळपास नाहीसं व्हायला हवं. तिथेही तुमची 'वाढ' तशीच दिसत असेल, तर तुम्ही तंतू मोजतच नाही आहात. डेस्मोसिन नेमकं मोजणारी मास स्पेक्ट्रोमेट्री ही चाचणी बाहेरून करून घ्यावी लागेल, तिची तजवीज पहिल्याच वर्षी करा. आणि माध्यमात व्हिटॅमिन सी कोण घालतंय ते बघा. कोलॅजन वाढावं म्हणून ते सवयीने घातलं जातं आणि तेच इलॅस्टिन खाली ओढतं. ही गोष्ट मला कोणी सांगितली नाही, म्हणून जरा चिडून लिहितेय.

डॉकिंगवर, म्हणजे रेणू प्रथिनाला कसा चिकटेल ते संगणकावर बघण्यावर, माझं मत कडू आहे. जिल्ह्याच्या ठिकाणी यंत्रं नाहीत, मग संगणकावर वनस्पतीतले रेणू थेट इलॅस्टिनवर चिकटवायचे आणि पेपर काढायचा. बाप्पा, त्या प्रथिनाला ठरलेला आकारच नाही, चिकटवता कशावर? दुसरी पळवाट हिरडा-बेहडा-आवळ्याचा अर्क आणि इलॅस्टिन तोडणाऱ्या इलॅस्टेज या विकराची चाचणी. इलॅस्टेज थांबलं म्हणजे तुटणं थांबलं, बनणं वाढलं नाही. शिवाय या फळांतलं तुरट टॅनिन कुठल्याही विकराला धरून बसतं. टॅनिनवर काम करूच नये असं नाही. क्लेमसन विद्यापीठातले नरेन व्यवहारे यांनी पेंटागॅलॉइल ग्लुकोज या टॅनिनकुळातल्या रेणूवर धमनीच्या संदर्भात वर्षानुवर्षं काम केलंय. पण तिथे ऊतीत काय झालं ते दाखवलेलं आहे.

रेणू गुणाचा असला तरी माणसात चालेलच असं नाही, हेही ठेवा लक्षात. मिनॉक्सिडिल हे जुनं रक्तदाबाचं औषध, आता केसांसाठी ओळखलं जातं. उंदरांमध्ये त्याने इलॅस्टिन वाढलं. विल्यम्स सिंड्रोम या जन्मजात विकारात सातव्या गुणसूत्राचा तुकडा जातो, त्यात इलॅस्टिनच्या जनुकाची एक प्रत जाते आणि धमनीची भिंत जाड होऊन महाधमनी अरुंद होते. अशा मुलांवर फ्रान्समध्ये मिनॉक्सिडिलची चाचणी झाली, निकाल २०१९ मध्ये आला. धमनीची भिंत पातळ झाली नाही. असा निकाल तुमच्या वाट्याला आला तर खचू नका. नीट नियंत्रणं ठेवलेला 'नाही' हाही प्रबंध असतो, आणि तो पास होतो.

मार्गदर्शक निवडताना नावावर जाऊ नका. क्यूपीसीआरचे मूळ सीटी आकडे आणि न कापलेली चित्रं मागणारा माणूस शोधा, मग तो कितीही तापट असो. महिन्यातून एकदा विमानतळावरून फोन करणारे मोठे लोक आपल्यासारख्यांच्या कामाचे नाहीत. त्यापेक्षा प्रयोगशाळेतल्या सहायक भाऊंशी नीट वागा. वीज गेली की इन्क्युबेटर जनरेटरवर टाकायला तेच धावतात. थंडीत ठेवायची रसायनं फेब्रुवारीपर्यंत मागवून घ्या. मे महिन्यात थर्माकोलची पेटी नागपुरात उतरते तोवर आतला कोरडा बर्फ उडालेला असतो, आणि कंपनी हात वर करते.

घरचे विचारतील, "एवढं शिकून काय करून राहिली?" २०२३ पासून जेआरएफला, म्हणजे नेट परीक्षेतून मिळणाऱ्या संशोधन फेलोशिपला, महिना ३७ हजार मिळतात हे सांगा, आवाज खाली येतो. नेट निघाली नाही तरी रस्ता बंद नाही. फेलोशिप देणाऱ्या राज्य सरकारच्या संस्था आहेत: ओबीसी, भटके-विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गांसाठी महाज्योती, अनुसूचित जातींसाठी बार्टी, मराठा-कुणब्यांसाठी सारथी. जाहिरात आल्यावर तहसीलला पळू नका. नॉन-क्रिमिलेयर आणि जात वैधता आधीच काढून ठेवा, आणि नॉन-क्रिमिलेयरवरची मुदतीची तारीख स्वतः वाचा. सेतू केंद्रातला माणूस ती वाचून देत नाही.