घरात एकाला सिलिॲक निघाला? बाकीच्यांची तपासणी अशी करा

सकाळी सहाच्या सुमारास पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, सायकलची पोंपों ऐकू आली की गोव्यातल्या आमच्या वाड्यावर एकेक दार उघडतं. धाकट्या बहिणीला सिलिॲक, म्हणजे गव्हातल्या ग्लूटेन या प्रथिनामुळे आतड्याला इजा होणारा आजार, असल्याचं कळलं, त्या आठवड्यात आईनं पोदेराला दारातूनच हातानं परतवलं. घरात उंडे नकोत, पोई नको, गव्हाचा कुठलाच पाव नको, तिच्यासमोर कुणी खायचं नाही. आईची माया समजते, पण नेमकं हेच करायचं नसतं.

रक्त देईपर्यंत बाकीच्यांनी गहू सोडू नका. ही तपासणी ग्लूटेनमुळे शरीरात तयार झालेली प्रतिपिंडं (अँटीबॉडीज) शोधते. ग्लूटेन बंद झालं की ती हळूहळू उतरतात आणि आजार असूनही रिपोर्ट निगेटिव्ह येऊ शकतो. आधीच सोडून बसला असाल, तर डॉक्टरांना विचारून पुन्हा सुरू करा: रोज एकापेक्षा जास्त वेळच्या खाण्यात गहू, तोही किमान सहा आठवडे. आम्हाला हे उशिरा कळलं. मग पोदेराला पुन्हा दारात थांबायला सांगितलं.

कुणी तपासायचं? आईवडील, सख्खी भावंडं आणि मुलं. सिलिॲक सर्वसाधारणपणे शंभरात एखाद्याला असतो, पण रुग्णाच्या या जवळच्या नातेवाइकांत हे प्रमाण शंभरात सात-आठांपर्यंत जातं. भावंडांना धोका सगळ्यात जास्त. काका, मावशी, आजी यांचा धोका त्याहून कमी, त्यांना काही त्रास असेल तर तपासावं. वहिनीचं रक्ताचं नातं नाही, म्हणून ती सुटली. तिच्या मुलीचं मात्र भावाच्या रिपोर्टवर ठरणार होतं.

‘आम्ही भात-मासे खाणारे, आम्हाला कसला गव्हाचा आजार?’ हे बाबांचं म्हणणं. त्यात थोडं तथ्य आहे. आपल्या देशात सिलिॲक उत्तरेत बराच जास्त आणि दक्षिणेत अगदी कमी सापडतो. पण त्याला लागणारी जनुकं दक्षिणेतही तितकीच आहेत. फरक मुख्यतः ताटातल्या गव्हाचा धरला जातो. आणि गोव्यातलं ताट पूर्ण भाताचं कुठे आहे? सकाळी उंडो, चतुर्थीला नेवऱ्या, आणि तळलेल्या इसवणाला (सुरमईला) लावलेला रवा. तो रवाही गव्हाचाच, हे आमच्या घरात कुणाच्या ध्यानात नव्हतं. बांधणीच्या हिंगातसुद्धा बहुधा गव्हाचं पीठ असतं.

लॅबमध्ये दोन नावं सांगायची: टीटीजी-आयजीए, म्हणजे वर सांगितलेली प्रतिपिंडं शोधणारी तपासणी, आणि सोबत एकूण आयजीए, म्हणजे आयजीए प्रकारची सगळी प्रतिपिंडं मिळून किती आहेत ते. दुसरं विसरू नका. काहींच्या शरीरात आयजीए मुळातच फार कमी असतं आणि सिलिॲकच्या रुग्णांत असे लोक थोडे जास्तच सापडतात. त्यांची पहिली तपासणी खोटी निगेटिव्ह येऊ शकते, मग वेगळी तपासणी लागते. आमच्या लॅबनं एकच केली, भावाला दुसऱ्यांदा सुई. या रक्तासाठी उपाशी राहावं लागत नाही. मुलांची तपासणी साधारण दोन-तीन वर्षांच्या वयापासून, गहू नीट खायला लागल्यावर.

रिपोर्ट पॉझिटिव्ह आला तरी लगेच गहू बंद करायचा नाही. पोटविकारतज्ज्ञाकडे जा. ते एंडोस्कोपी करून लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागातले चार-सहा बारीक तुकडे घेतात. तोपर्यंत खाणं तेच ठेवायचं. लहान मुलांत टीटीजी-आयजीएचा आकडा सामान्य मर्यादेच्या दहापटीहून जास्त असेल, तर बालरोगतज्ज्ञ दुसऱ्या नमुन्यावर खात्री करून कधी कधी एंडोस्कोपी टाळतात.

निगेटिव्ह आला म्हणजे जन्माची सुटका झाली असं नाही. हा आजार पन्नाशीतही उमटतो. मुलांची तपासणी दर दोन-तीन वर्षांनी पुन्हा करतात. मोठ्यांनी लोहाच्या गोळ्या घेऊनही हिमोग्लोबिन चढत नसेल, तोंड सारखं येत असेल, हाडं ठिसूळ निघाली, वारंवार गर्भपात झाला, तर थांबू नये. टाइप १ मधुमेह किंवा थायरॉइडचा आजार असेल तर जास्तच लक्ष द्यावं. काहींना मात्र कसलाच त्रास नसतो, आणि आतडं आतून झिजत असतं.

एचएलए डीक्यू२-डीक्यू८ ही जनुकांची तपासणी महाग पडते आणि तिच्याबद्दल गैरसमजही फार. साधारण तीनांतल्या एकाकडे ही जनुकं असतात आणि त्यांतल्या बहुतेकांना सिलिॲक कधीच होत नाही. म्हणून ‘आहे’ या उत्तरानं फारसं काही कळत नाही. ‘नाही’ आलं तर मात्र धोका जवळजवळ संपला, पुढच्या सुया वाचल्या. गहू सोडून बसलेल्यांनाही ही करता येते, कारण जनुकं खाण्यावर बदलत नाहीत.

बाबांना लॅबपर्यंत न्यायला तीन आठवडे लागले. ‘मला काय झालंय? चौसष्ट वर्षं उंडे खातोय,’ हेच पालुपद. शेवटी बहीणच त्यांना स्कूटरवर बसवून घेऊन गेली. त्यांचा रिपोर्ट निगेटिव्ह आला. भावाचा नाही. एंडोस्कोपीची तारीख पुढल्या महिन्यात आहे; तोवर तो रोज सकाळी बलकांवावर, म्हणजे दारापुढच्या ओट्यावर, बसून, बहिणीकडे पाठ करून, दोन उंडे चहात बुडवून खातो.