फिल्टर अश्लीलतेला लावा, ‘गे’ या शब्दाला नको

मुलाच्या मोबाइलवर लक्ष ठेवायला बसलेले पालक पहिली चूक इथंच करतात: ब्लॉक करायच्या शब्दांत ‘गे’, ‘लेस्बियन’, ‘ट्रान्सजेंडर’ टाकून मोकळे होतात. त्यानं आरोग्याची माहिती, बातम्या, मदतीची पानंही बंद होतात. खुद्द यूट्यूबच्या रिस्ट्रिक्टेड मोडनं (प्रौढांसाठीचे व्हिडिओ लपवणाऱ्या सोयीनं) एलजीबीटी, म्हणजे गे, लेस्बियन, ट्रान्सजेंडर अशा विषयांवरचे साधे व्हिडिओ लपवले होते. २०१७ मध्ये कंपनीला चूक मान्य करावी लागली.

गूगलच्या सेफसर्चमध्ये, म्हणजे शोधातलं अश्लील लपवणाऱ्या सेटिंगमध्ये, ‘फिल्टर’, ‘ब्लर’, ‘ऑफ’ असे तीन पर्याय असतात. लहान मुलासाठी ‘फिल्टर’ निवडा. मात्र ते फक्त गूगलवर शोधताना चालतं. साइट थेट उघडली तर उपयोग नाही. यूट्यूबचा रिस्ट्रिक्टेड मोड प्रत्येक ब्राउझरमध्ये वेगळा लावावा लागतो, आणि नेमकं तेच राहून जातं.

मग अनोळखी माणसांचे मेसेज बंद करा. खरा धोका तिथं आहे. ‘घरी सांगू नकोस’, ‘फोटो पाठव’, ‘दुसऱ्या ॲपवर ये’ यातलं काहीही आलं तर आम्हाला दाखव, आम्ही ओरडणार नाही, असं मुलाला आधीच सांगा. आणि खरंच ओरडू नका.

आता मुलाच्याच मोबाइलवर ‘मला मुलगे आवडतात, हे नॉर्मल आहे का’ असं टाइप करून बघा. काहीच आलं नाही तर फिल्टर जास्त कडक झालाय. ‘यातून बरं करतो’ म्हणणारं पान वर आलं तर ते दोघांनी मिळून वाचा आणि त्याला सांगा की जागतिक आरोग्य संघटनेनं १७ मे १९९० रोजीच समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली.

मुलांची मतं व्हिडिओखालच्या कमेंटमधूनही घडतात. आठवड्यातून दहा मिनिटं शेजारी बसून कमेंट वाचा. ‘असं तुमच्या वर्गात कोणी कुणाला म्हणतं का?’ एवढंच विचारा आणि गप्प राहा. टिंगलीचे व्हिडिओ शेवटपर्यंत पाहिले की तसेच आणखी येतात. ‘नॉट इंटरेस्टेड’ दाबायला आणि हिस्टरीतून ते काढायला शिकवा.

हिस्टरी चोरून तपासू नका. पकडले गेलात की मूल दुसरं खातं उघडतं, मग काहीच दिसत नाही. देखरेख काय आहे ते त्याला माहीत असू द्या. एखादा शोध दिसलाच, तर तो कुतूहलाचा असेल, मित्रासाठी असेल किंवा स्वतःसाठी. त्यावरून निष्कर्ष काढू नका. आणि मूल स्वतः सांगेपर्यंत ही गोष्ट आजी-आजोबांनासुद्धा सांगू नका.